मोटारीवर बसलेले कुरव

अप्पा, तुमच्याविषयी चार चांगले शब्द लिहून द्या, असं आपल्या पक्षी मोजणाऱ्या गटाने मला सांगितलं आहे. चांगले शब्द तुम्हाला पुष्कळ मिळतील. तुम्ही गेलात त्या दिवशी शिरूर अनंतपाळच्या बाजारात दुपारपर्यंत एक शटर वर गेलं नव्हतं, आणि त्यातल्या प्रत्येक दुकानदाराकडे तुमची एकेक गोष्ट आहे. माझ्याकडे आहे ते भांडण. ते अर्धवट टाकून तुम्ही उठून गेलात. अर्धवट उठायची सवय तुम्हाला होतीच, पण या वेळी फार झालं.

तुम्हाला बसवून माती दिली, तुम्हा लिंगायतांत देतात तशी. कपाळभर विभूती, तळहातावर लिंग. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. धरणाच्या काठावर बसायचात तसेच बसला होतात, पाठ ताठ, हनुवटी जरा वर. वाटलं, आता मान न वळवता म्हणाल, "हलू नका बाई, उजवीकडं उतरायलेत." मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

नांदेडला परतताना बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "कोण लागत होते तुमचे?" मी म्हटलं, "कोणी नाही. आम्ही मिळून कुरव मोजायचो." कुरव म्हणजे काय, तेही सांगितलं: पांढरे, करड्या पंखांचे, समुद्रावर असतात ते पक्षी, हिवाळ्यात आपल्याकडच्या धरणांवर येतात. ती म्हणाली, "मग समुद्रावर जाऊन मोजायचे की!" तुम्ही असतात तर या बाईशी अहमदपूरपर्यंत हुज्जत घातली असती. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आपली ओळखही हुज्जतीतूनच झाली. मी रेल्वेच्या कचेरीत कारकून, रविवारी विष्णुपुरीच्या पाण्यावर एकटी जाऊन पक्षी मोजणारी. तुम्ही दुकानाचा माल भरायला नांदेडला आला होतात. माझ्या पाठीमागे येऊन, नाव नाही, गाव नाही, सरळ म्हणालात, "मॅडम, उडता थवा मोजून काय फायदा? तुमचं मोजून होईस्तोवर पुढचे मागं येतात. बसू द्या की त्यांना."

"तुम्ही कोण?"

"मी शिरूरचा. पायपाचं, मोटारीचं दुकान हाय."

"मग पाइप मोजा."

तुम्ही इतक्या जोरात हसलात की काठावरचे सगळे कुरव उडाले, आणि मग पिशवीतून स्वतःची दुर्बीण काढून माझ्या शेजारी ऐसपैस बसलात. तेव्हापासून दर हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी मी लातूरला बहिणीकडे मुक्कामाला यायची, आणि रविवारी उजाडता उजाडता तुमचा दुकानाचा टेम्पो मला शिरूरजवळच्या धरणावर न्यायचा. तुमच्या बायकोने, अक्कांनी दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तुमच्या मांडीवर. वाटेत तुम्ही एकटेच बोलायचात. मला सकाळी कुणी बोललेलं खपत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही ते कधी मनावर घेतलं नाही.

मोजायची आपली रीत बाकी कुठल्या गटात नसेल. दोघांनी एकाच थव्याकडे बघून मोजायचं, आणि मोठ्याने. मी मराठीत, तुम्ही कन्नडमध्ये. तुमचं आजोळ भालकीचं, अंक तुम्ही तिथेच शिकलेले. "तुमचा आकडा माझ्या कानात घुसतो अन् माझा चुकतो," असं म्हणून तुम्ही ही वाट काढलीत. मी एक, दोन, तीन करत डावीकडून निघायची, तुम्ही ओंदु, एरडु, मूरु करत उजवीकडून, एक बोट वर करून, हवेत टोचत टोचत. शेवटी दोघांचे आकडे जुळले नाहीत की पुन्हा पहिल्यापासून. जुळले की धपाटे. किती वेळा उपाशी ठेवलंत मला!

दुसरी तुमची खोड म्हणजे पक्षी कुठे बसला होता ते लिहायलाच पाहिजे. पाण्यावर, चिखलावर, दगडावर, खांबावर. एकदा मी ती जागा रिकामी सोडली तर तुम्ही दिवसभर तोंड फिरवून बसलात. "पक्षी काय हवेत लटकून होता का?" आपल्या नोंदींना कुणी विचारत नाही असं मी म्हटलं, त्यावर तुम्ही म्हणालात, "मग तर नीटच लिवाव्या." या एका वाक्यावर मी तुमची शिष्य झाले. तोंडावर कधी सांगितलं नाही, डोक्यात हवा गेली असती. आधीच काय कमी होती?

आणि तो तुमचा नवा जिल्हा! उदगीर जिल्हा होणार, शिरूर त्यात जाणार, यावर तुमच्या दुकानात रोज चहा उकळायचा. बंद असला की सगळ्यांत आधी तुमचं शटर खाली. मी म्हणायची, "जिल्हा झाल्याने कुरवांना काय फरक पडणार आहे?" तुम्ही गंभीरपणे सांगायचात की नव्या जिल्ह्याची पहिली पक्षी मोजणी तुमच्या नावावर लागणार. धरणाचा अलीकडचा काठ एका जिल्ह्यात आणि पलीकडचा दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, अशी अफवा उठली तेव्हा तुम्हाला प्रश्न पडला की मधल्या पाण्यावर बसलेला कुरव कुणाच्या खात्यात धरायचा. आपण त्यावर एक अख्खी सकाळ घालवली. जिल्हा अजून झालेला नाही, अप्पा.

मग हा दुष्काळ आला.

पाऊस फिरकलाच नाही. दिवाळीला धरण जिथे असायला हवं होतं तिथे गुरांच्या पायवाटा पडल्या होत्या. पाणी आक्रसत मधल्या खोलगट जागेत गेलं, आणि आसपासचे तलाव आटल्यामुळे कुरव मात्र कधी नव्हे इतके तिथे गोळा झाले. तुम्ही खूश झालात आणि लगेच ओशाळलात. ते मी पाहिलं. उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं होतं. शिरूरला तेच, आणि लातूरकडे जाणारे टँकरही तिथेच भरत होते. शेताला पाणी ओढायच्या मोटारी लावायला बंदी होती. तरी प्लास्टिकचे ड्रम एकमेकांना बांधून, त्या तराफ्यावर मोटार ठेवून, पाइप काठापर्यंत आणलेले होतेच. आणि कुरवांना बसायला ती जागा फार आवडली. एकेका तराफ्यावर, एकेका पाइपवर रांगेने बसलेले, चोची वाऱ्याकडे करून.

आता ते कुठे बसले आहेत ते लिहायचं की नाही?

मी "मोटारीवर" असं लिहिलं. तुम्ही म्हणालात, "पाण्यावर लिवा." मी म्हटलं, "ते खोटं आहे." तुम्ही म्हणालात, "तराफा पाण्यावरच तरंगतो की." तुमच्या तोंडून हे ऐकून मला धक्का बसला. माझी बहीण लातूरमध्ये घागरी मांडून टँकरची वाट बघते आहे, पाहुणे आले तर पाणी विचारायचं की नाही याचा विचार करते आहे, आणि इथे राखलेलं पाणी कुणीतरी रात्रंदिवस ओढतं आहे. आपल्याला दिसतं आहे आणि आपण लिहायचं नाही? मी बोलू नये ते बोलले, "पाइप तुमच्याच दुकानचे आहेत म्हणून का?" तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "हाव, माझ्याच दुकानचे हायत. कुणाच्या घरी किती म्हशी हायत ते बी ठाऊक हाय मला. आपण पक्षी मोजायला येतो, बाई. माणसं धरून द्यायला न्हाई." आणि उठून टेम्पोत जाऊन बसलात. हे आपलं अर्धवट राहिलेलं भांडण.

पुढच्याच रविवारी ते झालं.

आपण नेहमीसारखे बसलो होतो. तुमची मोठी दुर्बीण स्टँडवर. कुरव तराफ्यांवर. तुम्ही बोट उंच करून हवेत टोचत होतात, "हत्तु, हन्नोंदु, हन्नेरडु," मी माझं मराठीत. पाठीमागे माणसं कधी जमली ते दोघांनाही कळलं नाही. मी वळून पाहिलं तेव्हा पंधरा-वीस जण होते आणि काहींच्या हातात पाइप कापायच्या करवती होत्या. अप्पा, दोन माणसं, एक दुर्बीण, समोर ओळीने मोटारी, आणि एकेका मोटारीकडे बोट करून आकडे चाललेले. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

"काय मोजायलाव वो?"

"पक्षी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"पक्षी म्हनं! दुष्काळात पक्षी मोजायलेत! तहसीलचे हायत हे."

"न्हाई, नव्या जिल्ह्याची हद्द आखायलेत. उदगीरकडचं कानडी बोलायलेत, ऐकलं न्हाई का?"

मग त्यांच्यातला माधव पुढे आला, दोन म्हशी आणि त्यांच्या चाऱ्यापुरतं वीतभर कडवळ, एवढंच ज्याचं त्या पाण्यावर जगतं तो. त्याने तुम्हाला ओळखलं, आणि ओळखल्यामुळे परिस्थिती सुधारायच्या ऐवजी बिघडली. "हे तर पायपवाले अप्पा! आरं, विकायचं बी तुमीच अन् धरून द्यायचं बी तुमीच?" कुणीतरी माझ्या हातातला कागद ओढून घेतला. कुणीतरी स्टँडला लाथ घातली. मला आठवतं, मी तुमच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली होती.

तुम्ही काय करायला हवं होतं? मी किती वेळा तो क्षण फिरवून पाहिला आहे. निघून जायला हवं होतं. टेम्पो दहा पावलांवर होता. पण तुम्हाला माणसाला पटवून द्यायची भारी हौस. स्टँड उभा केलात, दुर्बीण एका कुरवावर लावलीत आणि माधवचा दंड धरून त्याला ओढलंत. "ये. डोळा लाव. मोटार दिसायली का पक्षी, तूच सांग."

त्याने डोळा लावला. मग तो म्हणाला, "लाल चोच हाय की रे याला." कुणीतरी हसलं. "पाय बी लाल हायत." आणखी दोघं-तिघं हसले. मला वाटलं, सुटलो. तुम्हीही माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत, विजयी.

आणि माधवने दुर्बीण फिरवली.

हातात आली म्हणून फिरवली असेल. पलीकडच्या काठापर्यंत. नुसत्या डोळ्यांना तिथे फक्त वेड्या बाभळींची हिरवी पट्टी दिसते. दुर्बिणीतून त्या बाभळींखाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. जाळीने झाकलेले ड्रम, मांडीएवढे जाड पाइप, आणि ते सगळे पलीकडच्या मळ्याचे मालक तात्या, त्यांच्या उसात गेलेले. माधव मोजू लागला. मोठ्याने, बोट वर करून, अगदी तुमच्यासारखा.

"आमची एक मोटार उचलून नेली तहसीलवाल्यानं," तो म्हणाला. "एक. अन् तिकडं बगा."

मग प्रत्येकाला डोळा लावायचा होता. मग कुणालाच लावायचा नव्हता, सगळे बांधावरून पलीकडे पळत सुटले होते. तुम्ही ओरडलात, "थांबा रे! आरं, थांबा!" तुमचा आवाज फाटला. पाणी छोटं झालं होतं ना, पलीकडचा काठ फार लांब राहिला नव्हता. आपल्याला सगळं दिसलं. पाइप कापले, ड्रम फोडले, मळ्यातून तात्यांची माणसं काठ्या घेऊन आली. माधवचं डोकं फुटलं. सगळे कुरव एकदम उठले आणि आपल्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत राहिले, बसायला त्यांना कुठे जागाच दिसेना. तुम्हाला स्टँडची घडी घालता येईना. मी घातली.

टेम्पोत मी म्हणाले, "वाईट झालं, पण बरोबर झालं." तुम्ही म्हणालात, "माझ्या दुर्बिणीनं माणसाचं डोकं फुटलं." मी म्हटलं, "काठीने फुटलं." शिरूर येईपर्यंत तुम्ही गप्प राहिलात, असं आपल्या ओळखीत पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि दोन्ही काठांवरच्या सगळ्या मोटारी निघाल्या.

मग तुमचा फोन आला. "मी येत न्हाई आता. तुम्ही जावा." का, तर गुडघा दुखतो. मी म्हटलं, "गुडघा नाही, दुकान दुखतंय तुमचं. घाबरलात तुम्ही." "हाव. तसंच समजा, माय," म्हणालात आणि फोन ठेवलात. माय म्हणालात. मी तेही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मोटारी निघाल्यानंतरच्या आठवड्यात बहिणीच्या गल्लीत न सांगता टँकर आला. तिने पातेली भरली, बादल्या भरल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला आणि मग मला फोन करून वेड्यासारखी हसत होती. तो टँकर त्यामुळेच आला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुम्हाला सांगायला हवं होतं. फोन हातात घेतला होता. म्हटलं, आधी त्यांनी करावा.

मी एकटी जात राहिले. तुम्हाला दाखवून द्यायला म्हणून जात राहिले, खरं सांगायचं तर. शिरूरहून मिळेल त्या रिक्षाने. प्रत्येक वेळी बांधावर एक माणूस मोटारसायकल लावून उभा असायचा, पलीकडच्या मळ्यातला. जवळ यायचा नाही, बोलायचा नाही. मी मोजत असेपर्यंत उभा, मी निघाले की तोही निघायचा. आकडा दोनदा चुकायचा. आणि दर वेळी मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या द्यायची, की बघा, मी बाईमाणूस असून येते, आणि तुम्ही तिथे गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांची मनं राखा.

तिथेच, गल्ल्यावरच्या खुर्चीत गेलात तुम्ही. भर सकाळी, समोर गिऱ्हाईक उभं असताना.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा शिरूरला आले, अक्कांना भेटायला. ओसरीत तात्या बसले होते. त्यांना पाहून मी दारातच थांबले. ते उठले, हात जोडून "शरणार्थ" म्हणाले, आणि बाजूला येऊन खालच्या आवाजात बोलले, "मोजणीला येत जावा तुमी. अप्पा गेले म्हणून आमचा शब्द जात न्हाई."

"कसला शब्द?"

त्यांना वाटलं होतं मला ठाऊक आहे. "भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मळ्यावर आलते की अप्पा. आमची माणसं लई तापलेली होती. त्या बाईला धरणावर पाय ठेवू द्यायचा न्हाई, असंच ठरलं होतं. अप्पा म्हणाले, दुर्बीण माझी, दिली मी. तुमचा राग माझ्यावर काढा. मी पुन्हा धरणावर दिसणार न्हाई, पर बाईच्या वाटंला कुणी जायचं न्हाई. म्हणून तर दर खेपेला आमचा माणूस उभा करत होतो तिथं. कुणी तरास देऊ नये म्हणून."

मी अक्कांकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. "मला म्हणाले, सांगू नगंस तिला," अक्का म्हणाल्या. "कळलं तर ती बी जायची बंद होईल. लई हट्टी हाय."

बरोबर ओळखलंत. झालेच असते बंद. पण मला विचारायचं तरी होतं, अप्पा. माझ्यासाठी सौदा करायचा तर माझ्याशी बोलून करायचा. तुम्ही परस्पर ठरवलंत की मला कुरव हवे आहेत. दिवसभर खुर्चीत बसून राहिलात, माझं वाटेल ते ऐकून घेतलंत, "तसंच समजा" म्हणालात, आणि तिकडे मी राखणीत बसून पक्षी मोजत होते. कुणाला हवी होती ती मोजणी? एकदा विचारलं असतंत, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की चुलीत घाला ते धरण. आपण तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून कावळे मोजू.